फ्रिंज महोत्सवात गंभीर नाटक नेताना: गोव्यातल्या नव्या मंडळींसाठी

गोव्यात नाटक करणाऱ्याला रंगमंचाची भीती नसते. देवळाच्या उत्सवात, जत्रेच्या रात्री, उघड्या मांडवात गावासमोर उभं राहून बोलायची सवय इथे लहानपणीच लागते. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या मंडळींनी तर मोठ्या नाटकाचा सगळा पसारा सांभाळलेला असतो. तरीही अशीच अनुभवी मंडळी पहिल्यांदा फ्रिंज महोत्सवात गंभीर नाटक घेऊन जातात तेव्हा अडखळतात. तिथली खोली पन्नास-साठ माणसांची असते, वेळ तासाभराचा असतो आणि पहिल्या रांगेतला प्रेक्षक नटापासून चार फुटांवर बसलेला असतो. हा लेख त्या मंडळींसाठी आहे. माझं म्हणणं एकच आहे आणि पुढची प्रत्येक पायरी त्यातूनच निघते: फ्रिंजमधलं गंभीर नाटक जवळिकीवर उभं राहतं. संहिता, तालीम, दिवे, जाहिरात, सगळं त्या चार फुटांच्या हिशेबाने ठरवा.

फ्रिंजची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९४७ साली स्कॉटलंडमधल्या एडिनबर्ग शहरात पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा आठ नाटक मंडळ्या आमंत्रण नसताना तिथे पोहोचल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग लावले. त्यातून उभ्या राहिलेल्या महोत्सवात आता दर ऑगस्टमध्ये तीन हजारांवर कार्यक्रम होतात. तिथे निवड समिती नसते. जागा आपण मिळवायची, नाव नोंदवायचं, खर्च आपला आणि नुकसानही आपलं. आपल्याकडच्या महोत्सवांत बहुधा निवड होते, उदाहरणार्थ मुंबईत १९९९ पासून पंचवीस वर्षांखालच्या मुलामुलींसाठी भरणारा थेस्पो. पण खोली लहान, साधनं मोजकी, एकामागून एक प्रयोग, हा संसार सगळीकडे सारखाच. मराठी माणसाला तो परकाही नाही. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून जे उभं केलं, ते याच जातीचं काम होतं.

पहिली पायरी: अर्ज नीट वाचा

अर्जातल्या तीन गोष्टींवर लाल रेघ ओढा. तुम्हाला मिळणारा एकूण वेळ, दोन प्रयोगांमधलं अंतर आणि खोलीचं मोजमाप. तासाभराचा वेळ मिळाला म्हणजे नाटक तासाभराचं चालेल असा अर्थ घेऊ नका. त्या तासात प्रेक्षक आत येणार, बसणार, शेवटी टाळ्या होणार, बाहेर पडणार. म्हणून नाटक पन्नास मिनिटांचं धरा. दोन प्रयोगांमध्ये पंधरा-वीस मिनिटं असतील तर त्यातच आधीच्या मंडळींचं सामान निघणार आणि तुमचं लागणार.

निवड होत असेल तर अर्जाबरोबर चित्रफीत मागतात. संगीत घालून, तुकडे जोडून केलेली झलक पाठवू नका. निवडणाऱ्याला नट बघायचे असतात. नाटकातला एक अवघड प्रवेश निवडा, मोबाईल तिवईवर ठेवा आणि पाच-सात मिनिटं न थांबता चित्रित करा. मागे पंख्याचा आवाज असला तरी चालतो, शब्द मात्र स्वच्छ ऐकू यायला हवेत.

दुसरी पायरी: संहिता

इथे घाई करू नका. फ्रिंजमधलं यश-अपयश बरंचसं इथेच ठरतं.

तुमच्या मंडळाचं गाजलेलं तीन अंकी नाटक कापून तासावर आणायचा मोह होईल. माझं स्पष्ट मत आहे की तसं करू नये. तीन अंकी नाटकात माणसं हळूहळू उलगडतात. दुसऱ्या अंकातला स्फोट पहिल्या अंकातल्या साध्या चहापाण्यावर उभा असतो. कापताना तेच चहापाणी जातं आणि उरतात ते नुसते आरडाओरड्याचे प्रवेश. त्यापेक्षा दीर्घांक घ्या, म्हणजे मध्यंतराशिवाय एका दमात होणारं नाटक. मिळत नसेल तर तुमच्याच गावातल्या लिहित्या माणसाला लिहायला बसवा. गोव्यात लिहिणाऱ्यांची वानवा नाही, त्यांना कुणी तासाभराचं, चार माणसांचं नाटक मागत नाही इतकंच.

काय मागायचं? एक जागा, एक सलग वेळ, दोन ते चार पात्रं, आणि पडदा नसताना सुरू होऊ शकेल अशी परिस्थिती. उदाहरण म्हणून एक बीज देतो, पुढे सगळीकडे तेच वापरू. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी मूळ घरी तीन भावंडं जमली आहेत. थोरला भाऊ गावातच राहिला, मधला मुंबईला गेला, धाकटी बहीण लग्न होऊन मडगावला. घर विकायचं ठरलं आहे. गोव्यात लग्नानंतर मालमत्ता सहसा नवरा-बायकोची सामाईक मानली जाते, त्यामुळे वारसांबरोबर त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. एकट्या बहिणीच्या नवऱ्याची राहिली आहे, आणि तो बाहेर सोप्यावर बसून माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या चौकटीसाठी, नारळ सोलतो आहे.

या बीजात काय आहे बघा. जागा एकच. वेळ सलग, दिवेलागणीच्या आधीचा तास. माणसं चार. कुणीही दुष्ट नाही, प्रत्येकाला घराशी काही देणंघेणं आहे. आणि कायद्याच्या एका कलमामुळे सगळ्यांत परका माणूस सगळ्यांत महत्त्वाचा झाला आहे. लेखकाला समाजावर भाषण लिहायची गरजच पडत नाही. जमीन, स्थलांतर, मुलीचा हक्क, सगळं त्या एका सहीच्या मागून आपोआप येतं. तुमचा विषय खाणबंदीचा असो, मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या, घराचा असो की परदेशी पासपोर्टचा, त्याला असा एक कागद, एक वस्तू, एक निर्णय शोधा जो या तासातच व्हायला हवा.

नाटक सुरू होताना भांडण अर्ध्यावर आलेलं असावं. भावंडं एकमेकांना ‘कसा आहेस, कधी आलास’ विचारत पहिली दहा मिनिटं घालवत असतील तर ती पानं फाडा. आणि गंभीर नाटक म्हणजे सगळा वेळ सुतकी चेहरे, असंही नव्हे. चवथीच्या घरात थट्टामस्करी असतेच. प्रेक्षक मोकळेपणी हसला की त्याचं पुढचं मौन खोल जातं.

टाळण्यासारखंही सांगतो. दरबारी ऐतिहासिक नाटक, वेशभूषा बदलून दहा वर्षं पुढे जाणारं नाटक, ज्याचा कळस पडद्यामागच्या जमावाच्या घोषणांवर अवलंबून आहे असं नाटक. ही वाईट नाटकं नव्हेत. मांडवात ती उत्तम होतात. साठ माणसांच्या खोलीत मात्र त्यांची कृत्रिमता उघडी पडते.

तिसरी पायरी: हक्क आणि परवानग्या

हौशी मंडळाने विनातिकीट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. उत्सवी नाटकांची सवय असलेल्यांना म्हणून लेखकाची परवानगी हा विषयच नवा वाटतो. फ्रिंजमध्ये तिकीट असतं, तेव्हा ती सवलत संपली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क त्याच्या वारसांकडे असतात. देवल १९१६ मध्ये गेले, गडकरी १९१९ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये, त्यांची नाटकं मोकळी आहेत. परदेशी नाटककारांपैकी चेखव १९०४ मध्ये आणि इब्सेन १९०६ मध्ये गेला, म्हणजे मूळ नाटकं मोकळीच, पण तुमच्या हातातला मराठी अनुवाद ज्याने केला त्याचे हक्क वेगळे, आणि ते अजून चालू असण्याची शक्यता मोठी. हयात लेखकाकडून परवानगी लेखी घ्या. पत्रात प्रयोगांची संख्या, ठिकाण, मानधन आणि संहितेत काटछाट करता येईल का, हे चारही मुद्दे हवेत. काटछाटीचं तोंडी ठरवलं की हमखास वाद होतो.

महोत्सव महाराष्ट्रात असेल तर तिथल्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते कोण काढणार, आयोजक की तुम्ही, हे पहिल्याच पत्रव्यवहारात विचारा. चित्रपटातली गाणी किंवा बाजारातली ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची असतील तर त्यांचेही परवाने आले. मी तर म्हणेन, त्या वाटेला जाऊच नका. गोव्यात प्रत्येक वाड्यावर पेटी वाजवणारा माणूस आहे, त्याच्याकडून स्वतःचं संगीत करून घ्या.

चौथी पायरी: घड्याळ लावून वाचन

सगळ्यांना गोल बसवून संहिता वाचा आणि मोबाईलवर वेळ लावा. हालचाली, थांबे, सामान उचलणं-ठेवणं यांमुळे प्रयोग वाचनापेक्षा लांबतो. पन्नास मिनिटांचं नाटक हवं असेल तर वाचन बेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांत संपायला हवं. जास्त झालं तर आताच कापा. तालीम सुरू झाल्यावर नट आपापल्या वाक्यांच्या प्रेमात पडतात आणि मग कात्री चालवणं फार दुखतं. कापताना आधी माहिती देणारी वाक्यं काढा. ‘बाबा जाऊन आता चार वर्षं झाली’ हे भावंडांना माहीतच असतं, ते एकमेकांना सांगणार नाहीत.

पाचवी पायरी: भाषेचा सूर

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कोंकणी आणि रंगमंचावर मराठी. त्यामुळे आपली रंगमंचावरची मराठी पुस्तकी, घडीव, थोडी उंच स्वरातली होते. मांडवात ती शोभते, तिला एक रुबाब आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पण चार फुटांवरून ‘मला या वास्तूचा मोह सुटत नाही’ असं थोरला भाऊ म्हणाला की समोरचा माणूस त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

उपाय असा. प्रत्येक पात्राची मराठी वेगळी ठरवा. गावात राहिलेल्या भावाच्या मराठीत कोंकणीचं वळण येऊ द्या, रागाच्या भरात त्याच्या तोंडी सरळ कोंकणी वाक्य आलं तरी अडवू नका. मुंबईला गेलेला अगदी सफाईदार बोलेल, आणि ती सफाईच बहिणीला टोचेल. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला एखादा शब्द कळला नाही तरी नातं कळतं. उलट सगळ्यांची बोली एकाच इस्त्रीतून काढली तर कान कंटाळतो.

प्रेक्षकांत मराठी न समजणारे असतील तर पडद्यावर इंग्रजी ओळी दाखवण्याची सोय काही महोत्सव करतात. त्यासाठी ओळी आधी तयार कराव्या लागतात आणि त्या पुढे सरकवणारा माणूस नाटक पाठ असलेला हवा, एखादं वाक्य गळलं तरी गोंधळून न जाणारा. संहिता प्रयोगाच्या दोन आठवडे आधी गोठवा. एका खेपेला एक वाक्य, फार तर दोन ओळींत, त्यापेक्षा जास्त मजकूर देऊ नका, नाहीतर प्रेक्षक नाटक वाचत बसतो.

सहावी पायरी: तालीम

आधी पंचांग उघडा. गोव्यात तालमींचं वेळापत्रक गणपती, शिगमो आणि गावची जत्रा यांना वळसा घालून करावं लागतं. सत्तरी, सांगे, पेडण्याच्या मुलांना पावसाच्या तोंडाला शेतीची कामं असतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो आणि डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कला महोत्सव, तेव्हा तिथल्या सभागृहांचा विचार सोडा. रात्री उशिरा बसगाड्या विरळ होतात, म्हणून तालीम कितीला संपणार हे आणि कोण कुणाला घरी सोडणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. मुलींच्या घरचे निर्धास्त असले तरच तालमी टिकतात. जागेसाठी देवळाची अग्रशाळा, शाळेचा वर्ग, कुणाच्या घरचा सोपा, काहीही चालतं. महोत्सवातल्या खोलीचं माप जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने आखा आणि पहिल्या दिवसापासून त्याच रेघांच्या आत खेळा.

आता प्रत्यक्ष काम. पहिला आठवडा नटांना उभंच करू नका. जेवणाच्या टेबलाभोवती बसवा आणि सगळं नाटक घरी बोलतो त्या आवाजात बोलायला लावा. मांडवातल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द फेकायची सवय हाडात मुरलेली असते, ती एका सूचनेने जात नाही. ‘हळू बोल’ म्हटलं की नट पुटपुटायला लागतो, तेही चालत नाही. त्याला सांगा, समोरच्याला पटवून दे. पटवून द्यायला लागला की आवाज आपोआप योग्य जागी येतो.

दुसऱ्या टप्प्यात माणसं आणून बसवा. वाड्यावरचे चार-सहा शेजारी, त्यांतले दोघे तरी नाटकाशी संबंध नसलेले. त्यांना नटांच्या अगदी जवळ, चिकटपट्टीच्या कडेवर बसवा. नटाला पहिल्यांदा कुणाचा तरी श्वास ऐकू येतो आणि तो बिचकतो. महोत्सवाच्या आधी हे बिचकणं संपलं पाहिजे. शेजारी कुठे चुळबूळ करतात, कुठे मोबाईलकडे हात जातो, ते दिग्दर्शकाने वहीत टिपावं. नंतर त्यांना ‘आवडलं का’ विचारू नका, आपल्याकडची माणसं तोंडावर होच म्हणतात. ‘सही कुणाची राहिली होती? का राहिली होती?’ असं विचारा. उत्तर चुकलं तर नाटकात कुठेतरी धागा सुटला आहे.

प्रॉम्प्टरचं सांगायलाच हवं. उत्सवी नाटकात विंगेतून येणारा आवाज नटाला आधार असतो. फ्रिंजच्या खोलीत विंगच नसते. पाठांतर कच्चं असेल तर वाचवायला कुणी नाही. म्हणून प्रयोगाच्या महिनाभर आधी संहिता हातातून काढून घ्या आणि शेवटच्या दोन आठवड्यांत असा सराव करा: तालमीच्या मध्येच दिग्दर्शकाने एखाद्याचं वाक्य गाळायला लावायचं आणि बाकीच्यांनी नाटक न थांबवता वाटेवर आणायचं.

आणि रडणं. गंभीर नाटकात रडण्याचे प्रवेश येतात आणि मोठ्या रंगमंचावर आपण ते खांदे हलवून, पदराने तोंड झाकून दाखवतो. जवळून ते दिसतं तसंच दिसतं, म्हणजे दाखवलेलं. बहिणीला सांगा, रडू नकोस, रडू आवर. तिच्या हातात काम द्या, सुपाऱ्या निवडण्याचं, वाती वळण्याचं. बोटं थांबली की प्रेक्षकाला कळतं. माझा अनुभव असा की खोलीत सगळ्यांत जास्त परिणाम थांबलेल्या हातांचा होतो.

हाणामारी, गळा पकडणं, ढकलणं असेल तर त्याची पावलं मोजून बसवा आणि प्रत्येक प्रयोगाआधी एकदा संथपणे करून बघा, कितीही वेळा केलेलं असलं तरी. शारीरिक जवळिकीचे प्रवेश दोन्ही नटांच्या संमतीने, कुठे हात ठेवायचा आणि कुठे नाही हे ठरवून, दिग्दर्शकाबरोबर तिसरं माणूस हजर असताना बसवावेत. आत्महत्या, लैंगिक अत्याचार, लहान मुलांवरची हिंसा असे विषय असतील तर जाहिरातीत आणि दारावर तसं लिहा. चार फुटांवर बसलेल्या माणसाला उठून जाणं कठीण असतं, त्याला आधी कळायला हवं.

सातवी पायरी: नेपथ्य

कसोटी सोपी आहे: सगळं सामान एका चारचाकी गाडीत मावलं पाहिजे आणि दहा मिनिटांत लागलं पाहिजे. लेव्हल (उंच चौथरे), फ्लॅट (नेपथ्याच्या भिंती), दारं-खिडक्या विसरा. आपल्या चवथीच्या नाटकाला काय लागेल? चार खुर्च्या, एक टेबल, कागदांची फाईल आणि रिकामी माटोळी. नाटक पुढे सरकतं तसतशी माणसं बोलता बोलता तिच्यावर एकेक फळ बांधतात, नारळ, सुपारीचा घड, चिबूड, तोरिंजन. शेवटाला माटोळी भरलेली आणि घर विकलेलं. एवढं एकच नेपथ्य पुरतं, आणि नटांच्या हातांना काम मिळतं.

पण ती छताला टांगता येणार नाही. बहुतेक जागा छताला हात लावू देत नाहीत, आणि टांगायला वेळही नसतो. चार पायांची, सुटी होणारी बांबूची चौकट करा आणि पायांशी वाळूच्या पिशव्या ठेवा. नारळ खरे असतील तर एक-दोनच, बाकी हलके, आणि प्रेक्षकांच्या बाजूला एकही नको. खरी फळं दोन-तीन दिवसांत खराब होतात, प्रयोग सलग असतील तर बदलायला जादा आणा. समई पेटवायची असेल तर लेखी परवानगी लागेल. बहुतेक वेळा नकारच येतो, म्हणून बॅटरीवरच्या दिव्याची तयारी ठेवा.

आठवी पायरी: दिवे आणि आवाज

जागेवर काय काय आहे याची यादी आधी मागवा: किती दिवे, किती डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारं साधन), दिव्यांचा बोर्ड कोण चालवणार. शाळा, घर, जुनी वखार अशा जागी स्वतःचे दिवे न्यावे लागले तर हिशेब करा. घरातलं मोठं सॉकेट सोळा अँपिअरचं असतं. २३० व्होल्टला त्यावर जास्तीत जास्त ३,६८० वॉटचा भार येतो. हजार वॉटचे जुने पार (रंगमंचाचे डब्यासारखे दिवे) लावले तर तीनच, चौथा लावला की फ्यूज गेलाच म्हणा. एलईडी पार शंभर-दोनशे वॉटचे असतात, तापत नाहीत आणि त्याच सॉकेटवर आरामात अनेक चालतात. दोन एलईडी पार समोरून तिरके, एक मागून, आणि टेबलावर एक घरगुती दिवा, एवढ्यात तासाभराचं नाटक उत्तम उजळतं. पावसाळ्यात तारांचे सांधे जमिनीवर ठेवू नका आणि प्रत्येक तार चिकटपट्टीने पक्की करा.

प्रकाशाचे बदल कमी ठेवा. दिवेलागणीचा तास आहे, तर सगळ्या नाटकात प्रकाश इतका हळू उतरू दे की कुणाला कळू नये. प्रवेशाप्रवेशाला अंधार करायची सवय मोठ्या नाटकांतून येते. लहान खोलीत प्रत्येक अंधारात खुर्च्यांचा करकराट आणि खोकला ऐकू येतो आणि लागलेली तंद्री मोडते.

कपड्याला लावायचा लेपल माइक नकोच. पार्श्वसंगीताला एखादं वाद्य प्रत्यक्ष वाजवता आलं तर फार छान. घुमट, म्हणजे आपलं मातीच्या मडक्याचं तालवाद्य, घ्यायचा मोह होईल. पण बंद खोलीत तो शब्द बुडवतो. वाजवायचाच तर संवाद नसलेल्या जागी, बोटांनी. घोरपडीच्या कातड्याचा जुना घुमट घरात असला तरी तो नेऊ नका, घोरपड कायद्याने संरक्षित आहे. बकऱ्याच्या कातड्याचा न्या. उघड्यावरचा प्रयोग असेल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असते, नाटक त्याआधी संपेल असं बघा.

नववी पायरी: तांत्रिक तालीम

दोन-तीन तास मिळतील, त्यात पूर्ण नाटक करायच्या भानगडीत पडू नका. क्यूपासून (दिवे किंवा आवाज बदलण्याच्या खुणेपासून) क्यूपर्यंत जा: बदलाच्या आधीची दोन वाक्यं, बदल, नंतरचं एक वाक्य, पुढे चला. त्यासाठी क्यूचा कागद आधीच तयार हवा, आणि तो असा की बोर्डावरच्या अनोळखी माणसालाही कळेल. ‘बहिणीचा प्रवेश रंगतो तेव्हा’ असं लिहू नका. ‘बहीण फाईल टेबलावर आपटते, त्या आवाजावर, डावा दिवा निम्मा, पाच सेकंदांत’ असं लिहा. नटांनी या तालमीत अभिनय करायचा नाही, धीर धरायचा. शेवटची पंधरा मिनिटं सामान लावणं आणि काढणं यांच्यासाठी राखा आणि घड्याळ लावून दोनदा करा. कोण कुठली खुर्ची उचलणार हे नावानिशी ठरलेलं असावं.

दहावी पायरी: प्रेक्षक आणणं

एडिनबर्गच्या रॉयल माइल रस्त्यावर नट स्वतः पत्रकं वाटत फिरतात. आपल्यालाही तो संकोच सोडावा लागेल. महोत्सवात प्रेक्षकाला एका दिवशी अनेक नाटकांतून निवड करायची असते आणि गंभीर नाटकाकडे तो सहज वळत नाही. त्याला ‘नातेसंबंधांचा हळुवार वेध घेणारी कलाकृती’ असलं काही सांगू नका, त्यातून काहीच कळत नाही. ‘उद्या चवथ. घर विकायचं आहे. एक सही राहिली आहे.’ एवढं छापा, वर रिकाम्या माटोळीचं छायाचित्र, खाली वेळ, जागा, भाषा, कालावधी.

गोव्यातला प्रयोग असेल तर पाटोच्या संस्कृती भवनातलं मध्यवर्ती ग्रंथालय, रवींद्र भवनं, महाविद्यालयांचे मराठी विभाग इथे पत्रक लावायची परवानगी मागा आणि मराठी दैनिकांना चार ओळींची बातमी छायाचित्रासह पाठवा. पण खरी गर्दी पहिल्या प्रयोगाच्या प्रेक्षकांमुळे वाढते. म्हणून पहिल्या प्रयोगाला खोली भरा. ओळखीच्यांना, शिक्षकांना, आधीच्या नाट्यस्पर्धांतल्या इतर मंडळांना आग्रहाने बोलवा, आणि तुम्हीही त्यांची नाटकं बघायला जा.

प्रयोगाचा दिवस

जेवण हलकं आणि वेळेवर. आवाज मोकळा करायला दहा मिनिटं, सगळ्यांनी मिळून. उशिरा आलेल्याला आत घ्यायचं की नाही, कुठल्या वाक्यानंतर घ्यायचं, हे दारावरच्या स्वयंसेवकाला लिहून द्या. माझं मत, पहिल्या पाच मिनिटांनंतर दार बंद. नांदी, धूप, नारळ फोडणं, ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी ते खोलीबाहेर आणि आधी उरकावं. आपल्याला मिळालेल्या वेळातलं एकही मिनिट त्यात जाऊ नये. शेवटी नमस्कार झाल्यावर भाषण, आभार, मानपत्रं काहीही नाही, कारण पुढचं मंडळ बाहेर सामान घेऊन उभं असतं. बोलायला आलेल्या प्रेक्षकाला अंगणात भेटा.

हिशेब

निघण्याआधी कागदावर मांडा. समजा खोली साठ जणांची, तिकीट दीडशे रुपये, तीन प्रयोग, आणि खोली सरासरी साठ टक्के भरली. म्हणजे दर प्रयोगाला छत्तीस माणसं, ५,४०० रुपये, तिन्ही मिळून १६,२००. गल्ला मंडळ आणि जागामालक यांच्यात साठ-चाळीस असा वाटला जातो, ही पद्धत एडिनबर्गला रूढ आहे. तशी वाटणी झाली तर तुमच्या हाती ९,७२० रुपये. यात लेखकाचं मानधन, प्रवास, राहणं, फळं, पत्रकं भागत नाहीत हे उघड आहे. तेव्हा उरलेले पैसे कुठून येणार हे आधी ठरवा: गावच्या देवस्थान समितीची मदत, घरच्या प्रेक्षकांसमोर एक सशुल्क प्रयोग, की सभासदांची वर्गणी. नटांना आधी सांगा की मानधन मिळणार नाही किंवा इतकंच मिळेल. लेखकाचे पैसे मात्र प्रयोगाआधी द्या.

परत आल्यावर आठवड्याच्या आत सगळे बसा. खर्चाचा कागद सगळ्यांना दाखवा, क्यूच्या कागदावर प्रत्यक्ष झालेले बदल लिहून काढा, प्रत्येक प्रयोगाची खरी मिनिटं नोंदवा आणि संहितेची एक प्रत कापलेल्या जागांसह बाजूला ठेवा. पुढच्या महोत्सवाच्या अर्जात हेच सगळं विचारतात.